चौथ्या अंकाच्या पुढे

३१ ऑक्टोबर १८८० हा मराठी संगीत रंगभूमीचा जन्मदिवस मानला जातो. त्या दिवशी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतला'चे पहिले चारच अंक करून दाखविले. उरलेले अंक रंगभूमीवर मागाहून आले. त्या दिवशी घरी परतलेल्या रसिकाने कण्वाच्या आश्रमातून सासरी निघालेली शकुंतला पाहिली, तिच्या पदराला अडखळणारे हरणाचे पाडस पाहिले, डोळे पुसणारा तापस पिता पाहिला. दुष्यंताच्या दरबारात तिला कोणी ओळखले नाही, हे मात्र त्याने पाहिले नाही. चौथा अंक म्हणजे निरोपाचा अंक. पाचवा ओळख नाकारण्याचा, आणि सातवा मुलाचा. रसिक आपला निरोप पाहून, गहिवरून घरी गेला.

परदेशी गेलेल्या माणसांविषयीचे आपले ललित लेखन आज जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही बव्हंशी त्याच चौथ्या अंकात बसून आहे, असे मला वाटते. दिवाळीच्या दिवसांत टीकालेख म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी, हे मी जाणतो. पण ज्या घरांत हा अंक वाचला जाईल त्यांतील पुष्कळ घरांतला एखादा मुलगा, एखादी भाची, निदान शेजारची एखादी मुलगी समुद्रापलीकडे आहे, आणि तिच्या मांडीवर तिकडेच जन्मलेले एक मूल आहे. हा लेख त्या मुलाविषयी आहे, आणि त्याच्याकडे आपल्या लेखकांनी कसे पाहिले याविषयी आहे.

आपल्या परदेशविषयक वाङ्मयाचे दोन ठळक प्रकार दिसतात. पहिला प्रवाशाचा. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' घ्या. इतकी प्रसन्न, इतकी निर्मळ दृष्टी दुसरीकडे सापडणे कठीण. पण प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते. परक्या देशाच्या दारावर तो पाहुणा म्हणून उभा असतो, आणि पाहुण्याला कोणी कूळ विचारीत नाही. दुसरा प्रकार मागे राहिलेल्यांचा. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' हे त्याचे सर्वांत प्रभावी उदाहरण. थोरला मुलगा अमेरिकेत, आणि इकडे दोन म्हाताऱ्या जिवांना घर खायला उठलेले. ते नाटक पाहून ज्याच्या घशाशी आवंढा आला नाही असा प्रेक्षक विरळा. पण दळवी ओसरीवरून पाहतात. त्यांना तेच दाखवायचे होते, आणि ते त्यांनी पुरेपूर दाखविले. दोष त्यांचा नाही. दोष मागून आलेल्यांचा आहे, ज्यांनी ती ओसरी सोडलीच नाही. विमानतळावरचा निरोप, पोस्टाने येणारे फोटो, पुढे फोटोंच्या जागी पडद्यावर दिसणारे चेहरे. आणि दोन वर्षांनी सुट्टीत येणारा, 'आजी' म्हणताना अडखळणारा, वरणभात नको म्हणणारा नातू. हा नातू आपल्या कथांत विनोदापुरता येतो, किंवा आजीच्या दुःखाला उठाव देण्यापुरता. त्याला स्वतःचे असे काही घडत नाही.

तिकडच्या मराठी माणसांनी आपल्या परीने लिहिले आहे. टोरांटोहून निघालेल्या 'एकता' या नियतकालिकाने तिथल्या लेखकांना हक्काची जागा दिली. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आश्रयाने मराठी शाळा चालतात, अधिवेशने भरतात. या लेखनात कष्ट आहेत, बर्फ आहे, एकटेपणा आहे, संस्कारांची काळजी आहे. पण मुलांची काळजी आली की ती बहुधा भाषेची, लग्नाची, जेवणाखाणाची. कागदाची काळजी क्वचित.

आणि खरे नाट्य तर त्या कागदात आहे.

वाचकांनी क्षणभर असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. नवराबायको पुण्याची. तो एच-१बी नावाच्या व्हिसावर अमेरिकेत नोकरीला गेलेला. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने हा व्हिसा घडविला. त्याची मुदत सामान्यतः सहा वर्षांची; कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला असेल तर ती वाढत जाते. थोरली मुलगी पुण्याला जन्मली आणि दोन वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून तिकडे गेली. तिचा व्हिसा एच-४, म्हणजे वडिलांच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला. धाकटा भाऊ न्यू जर्सीत जन्मला. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ ची. तिच्या आधाराने तो जन्मतःच तिथला नागरिक. दोघे एका खोलीत झोपतात, एका बसने शाळेत जातात, एकच भाषा एकाच ढंगाने बोलतात. मुलगी तर भावापेक्षा अधिक वर्षे त्या देशात राहिलेली.

आता ग्रीन कार्डाच्या वाटपात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये असा तिथला नियम. भारतातून जाणारे फार, म्हणून आपली रांग भली लांब. रांगेत बापाचे केस पिकतात आणि मुलीला एकविसावे वर्ष लागते. एकवीस पूर्ण झाले की ती कायद्याने 'मूल' राहत नाही. बापाच्या अर्जातून तिचे नाव गळते, एच-४ संपतो. वय मोजण्याच्या रीतीत थोडी सूट देणारा एक कायदा २००२ साली झाला, पण तो सर्वांना पुरत नाही. बेकायदा आणल्या गेलेल्या मुलांसाठी २०१२ साली जी सवलत जाहीर झाली तीही हिला नाही, कारण हिचे सारे कायदेशीर! मग तिने विद्यार्थिनी म्हणून नवा व्हिसा मिळवावा, किंवा जिथले तिला काही आठवत नाही त्या पुण्याला परतावे. आणि याच एकविसाव्या वर्षी धाकट्या भावाला काय मिळते? नागरिक म्हणून आपल्या आईबापांसाठी अर्ज करण्याचा हक्क. बहिणीसाठीही त्याला अर्ज करता येतो. पण ती रांग इतकी लांब की बहीण त्यात म्हातारी होईल. एकवीस हा एकच आकडा. एकाला तो दार उघडतो, दुसरीच्या तोंडावर लावतो.

भाऊबीजेच्या दिवशी ही बहीण त्या भावाला ओवाळीत असेल तेव्हा तिच्या मनात काय येत असेल? एवढा एक प्रश्न एका कादंबरीला पुरेल. पण मी वाचलेल्या मराठी कादंबऱ्यांत मला ही बहीण भेटलेली नाही.

भावाचे तरी सारे निर्धास्त आहे, असेही नाही. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा एक आचारी १८९५ साली चीनहून परतला तेव्हा त्याला बंदरातच अडविले. तू इथला नव्हेस, असे त्याला सांगण्यात आले. तो कोर्टात गेला, आणि १८९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, इथे जन्मला तो इथला. पुढच्या सव्वाशे वर्षांत परदेशस्थ आईबापांची असंख्य मुले या एका आचाऱ्याच्या खटल्याच्या सावलीत वाढली. मग २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हुकूम काढला. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा कायम रहिवासी नसेल, तर पुढे जन्मणाऱ्या मुलास जन्माने नागरिकत्व नाही, असा त्याचा आशय. न्यायालयांनी तो अडविला आणि वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. पण त्या दिवसांत पोटात मूल असलेल्या स्त्रियांनी, पुण्याच्या असोत की हैदराबादच्या, डॉक्टरने दिलेली तारीख किती वेळा मोजली असेल! पूर्वी आपल्या आया पंचांग पाहत. या बिचाऱ्या हुकूमनामा पाहत होत्या.

यावर एक आक्षेप मला ऐकू येतो. व्हिसा, अर्ज, रांगा, कलमे हा वकिलाचा विषय, वाङ्मयाचा नव्हे. कागदात रस कुठला?

रस कसा असतो ते एका बंगाली कुळातल्या लेखिकेने दाखविले आहे. झुंपा लाहिरी ही लंडनमध्ये जन्मलेली आणि अमेरिकेत वाढलेली. तिची 'द नेमसेक' ही इंग्रजी कादंबरी २००३ ची. त्या कादंबरीची सारी गुंतवळ एका जन्मदाखल्यापासून सुरू होते. बाळाचे नाव आईच्या आजीने ठेवायचे, आणि ते तिने पत्रातून कळवायचे, अशी रीत. पत्र वाटेत हरवते. इस्पितळ म्हणते, दाखल्यावर नाव लिहिल्याविना बाळ घरी नेता येणार नाही. मग बाप घाईघाईने एका रशियन लेखकाचे नाव देतो, आणि ते नाव त्या मुलाच्या आयुष्याला चिकटते. एक हरवलेले पत्र आणि एक कोरा रकाना. तेवढ्यातून दोन देशांचे सगळे अंतर उभे राहिले. लेखिका ओसरीवर बसलेली नाही. ती त्या मुलाच्या शेजारी बसली आहे.

पण आपल्याला इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. 'अभिज्ञान' या शब्दाचा अर्थ काय? ओळखीची खूण. कालिदासाने नाटकाच्या नावातच ओळखपत्र घातले आहे! अंगठी म्हणजे त्या काळचा पासपोर्ट. तो शचीतीर्थाच्या पाण्यात गळून पडतो, आणि गर्भवती स्त्री राजाच्या दारात परकी ठरते. आणि पाचव्या अंकात राजाचा पुरोहित जी तोड सुचवितो ती पाहा. प्रसूतीपर्यंत हिला माझ्या घरी राहू द्या. मुलाच्या अंगी चक्रवर्तीची लक्षणे दिसली तर हिला अंतःपुरात घ्या, नाही तर बापाकडे पाठवा. हा तात्पुरता परवाना नव्हे तर काय? आईचे स्थान पोटातल्या मुलाच्या जन्मानंतर ठरणार. आजच्या कोणत्याही वकिलातीच्या कारकुनाला हा पुरोहित आपला पूर्वज वाटेल.

याहून मोठी गोष्ट कालिदासाने केली ती निराळीच. महाभारतातल्या मूळ कथेत दुष्यंताला सारे आठवत असते. लोकांच्या शंकेला भिऊन तो नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर कबूल होतो. तिथे दोष कोणाचा ते स्पष्ट आहे. कालिदासाने मध्ये दुर्वासाचा शाप घातला. राजा खोटे बोलत नाही, त्याला खरोखरच आठवत नाही. दरबारात दुष्ट असा कोणीच नाही, आणि तरीही एका निरपराध स्त्रीवर दाराबाहेर जाण्याची पाळी येते. आजच्या व्हिसाची गोष्ट अगदी अशीच आहे. खिडकीमागचा कारकून दुष्ट नसतो. नियम करणाऱ्याने या मुलीला कधी पाहिलेले नसते. शाप आहे, शाप देणारा समोर नाही. आम्हा कादंबरीकारांना खलनायकाची सवय लागलेली. तो सापडला नाही की आमचा हात अडतो, आणि आम्ही पुन्हा विमानतळावरच्या अश्रूंकडे वळतो. खलपुरुषावाचून अन्याय कसा रंगवावा, हे कालिदासाकडून शिकण्यासारखे आहे.

आमच्या रायगड जिल्ह्याला तर हा प्रश्न घरचा आहे. अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या भागांतले बेने इस्रायल, ज्यांना गावोगाव 'शनिवार तेली' म्हणत, ते पिढ्यान्‌पिढ्या घरी मराठी बोलत आले. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत कथा. १९५० साली इस्रायलने परतण्याचा कायदा केला आणि ज्यूंना नागरिकत्वाचे दार उघडले. पेणकर, रोहेकर, नवगावकर तिकडे गेले. नागरिकत्व मिळाले, पण लग्नाची नोंद धर्मपीठाकडे, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत तिथे त्यांना आईबापांचे, आजीआजोबांचे कूळ विचारले जाऊ लागले. तुम्ही खरे ज्यू कशावरून? जे शनिवार पाळतात म्हणून कोकणात वेगळे ठरले त्यांनाच हा प्रश्न! त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत समान असल्याचे जाहीर केले. पुढे तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. एकाच आयुष्यात दोनदा ओळख सिद्ध करावी लागलेल्या या आपल्या शेजाऱ्यांवर मराठीत एक मोठी कादंबरी का असू नये? पाचव्या अंकाची ती कथा आपल्याच किनाऱ्यावरून निघालेली आहे.

आता सहाव्या अंकाकडे येतो. त्याच्या आरंभी एक छोटा प्रवेश आहे, आणि शाकुंतलाचे कौतुक करताना आपण तो सहसा हसून सोडून देतो. एका कोळ्याला माशाच्या पोटात ती राजमुद्रेची अंगठी सापडते. तो ती विकायला आणतो तेव्हा शिपाई त्याला चोर म्हणून बांधतात, मारतात, त्याच्या जातीची आणि धंद्याची टिंगल करतात. राजाचे हरवलेले स्मरण ज्याच्या हातात आहे तोच संशयित! पुढे राजाने बक्षीस दिले तेव्हा तेच शिपाई त्याचे मित्र होऊन गुत्त्याकडे निघतात.

हा कोळी मला कर्जतच्या माझ्या वर्गात भेटतो, म्हणून त्याच्याविषयी लिहिणे मला भाग आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या माळांवर गेल्या काही वर्षांत मुंबईकरांची फार्महाऊसे उभी राहिली. त्यांतल्या कितीतरी फाटकांवर नेपाळहून आलेला वॉचमन असतो. त्याचे खरे नाव काहीही असो, मालक त्याला 'बहादूर' म्हणतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहण्याला, काम करण्याला व्हिसा लागत नाही. त्याचे मूल इथल्याच दवाखान्यात जन्मते, आमच्या शाळेत पहिलीत बसते, आणि तिसरीपर्यंत आमच्या ठाकूरवाडीच्या मुलांसारखे मराठी बोलू लागते. स्नेहसंमेलनात शिवरायांचा पोवाडा म्हणणारी अशी एक मुलगी मी पाहिली आहे. तिचा आवाज ऐकून पुढच्या रांगेतले पालक ताठ बसले होते.

पण ती कोणत्या देशाची? आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. त्या कायद्याने आरंभी इथे जन्मलेल्याला, मोजके अपवाद सोडता, इथला मानले होते. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा असे ठरले. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी आवळला: दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे दोन्ही नेपाळी आईबापांची, आमच्या कर्जतला जन्मलेली ही मुलगी भारताची नागरिक नाही. सोळाव्या वर्षानंतर नागरिकतेचा कागद काढायला तिने त्या डोंगरातल्या जिल्ह्याच्या कचेरीत जायचे, जिथली वाट तिला ठाऊक नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात 'जन्मस्थळ' या रकान्यात 'कर्जत' लिहिताना माझे अक्षर नेहमीसारखेच वळणदार येते. त्याच ओळीत 'राष्ट्रीयत्व' हा रकानाही असतो.

कायदे करणाऱ्यांपुढे त्यांची कारणे असतात. सीमेवरच्या प्रांतांतली धग शाळामास्तराने खुर्चीत बसून उणी लेखू नये. माझा मुद्दा वाङ्मयाचा आहे. न्यू जर्सीतल्या आपल्या नातवाचा जन्महक्क धोक्यात येतो तेव्हा आपण म्हणतो, मूल जिथे जन्मले, वाढले, जिथली भाषा बोलते, ते तिथलेच. मला हे पटते. पण हेच वाक्य फाटकावरच्या मुलीला लागू करताना आपली जीभ अडखळते. ज्या लेखकाला ही विसंगती दिसेल त्याच्या हातून पाचवा अंक लिहिला जाईल. ज्याला एकच बाजू दिसेल तो फार तर एक तक्रारअर्ज लिहील.

उरला सातवा अंक. तो मुलाचा. हेमकूटावर, मारीचाच्या आश्रमात, बापाच्या राज्यापासून दूर जन्मलेला सर्वदमन सिंहाच्या छाव्याचे दात मोजायला निघाला आहे. तो हट्टी आहे, खोडकर आहे, मातीच्या मोरावर भाळतो. समोर उभा असलेला राजा त्याला 'बाळ' म्हणू लागताच तो ठणकावतो की, माझा बाप दुष्यंत, तू नव्हेस. कालिदासाने त्या मुलाला स्वतःचा आवाज दिला. तो आईच्या दुःखाचे नुसते निमित्त नाही. आणि हाच मुलगा पुढे भरत झाला. ज्याच्या आईला एका अंगठीवाचून दरबाराने परके ठरविले, त्या मुलाच्या नावाने आपण आपला देश ओळखतो!

आपल्या कथांतल्या नातवाला असा आवाज हवा आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. म्हणून अमेरिकन नातवाला इथले 'ओसीआय' कार्ड मिळते. त्या कार्डावर तो हवे तेव्हा येईल, हवे तितके राहील. पण मत देणार नाही. आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचे नाव चढेल, पण बांधाला लागून असलेली शेजाऱ्याची गुंठाभर शेतजमीन त्याला विकत घेता येणार नाही. कर्जतच्या तलाठ्यापुढे बसलेला असा पंचविशीतला नातू, मोडक्या मराठीत 'फेरफार' हा शब्द उच्चारणारा, हा विनोदाचा विषय नाही. तो काय पाहतो, त्याला आजोबांच्या जमिनीविषयी काय वाटते, बहिणीचे नाव त्याच सातबाऱ्यावर येताना त्याच्या मनात काय उलथते, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे. त्याचे मराठी मोडके असेल तर मोडके लिहा. शकुंतलेच्या नाटकात स्त्रिया प्राकृत बोलतात, कोळी त्याची बोली बोलतो, आणि नाटकाचे त्यामुळे काही बिघडले नाही.

आपल्या नव्या लेखकांकडून, आणि विशेषतः तिकडे वाढलेल्या मराठी मुलामुलींकडून, मला हे हवे आहे. निरोपाचे अश्रू आपण पुष्कळ ढाळले, आणि ते खरे होते. पण पाडसाने पदर सोडला, शकुंतला दिसेनाशी झाली, त्यालाही आता बराच काळ लोटला. दरबारात काय घडले ते कोणीतरी येऊन सांगायला हवे.